बटव्यातली दोन कार्डं

१

कस्तुराबाई सापडली ती पारगावच्या पुलाच्या खालच्या अंगाला, भीमेच्या काठी. कपाळावरचं कुंकू पाण्यानं गेलं होतं. बाकी गळ्यातलं, पायातली जोडवी, कमरेचा बटवा सगळं जागच्या जागी. म्हणजे चोर नाही. अंगावर ओरखडा नाही, म्हणजे मारेकरीही नाही. बाई मनानं आजारी होती, स्वतःच पाण्यात गेली, असं पोलिसांनी ठरवलं आणि त्यांचं काम तिथं संपलं.

तिच्या नवऱ्याचं, हौसरावांचं, मात्र संपलं नाही. राख सावडून झाली तशी ते यवतहून थेट शिरूरला आले. बायपासच्या कडेला डॉक्टर सत्यजीत यांचं मनाच्या आजारांचं छोटं रुग्णालय आहे. तिथल्या मशीनच्या खोलीच्या दारात ते उभे राहिले.

"ह्याच खुर्चीत बसवून तुम्ही माझी बायको मारली," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, म्हणूनच सगळे ऐकत राहिले. "हे बंद करा. न्हाईतर मी बंद करतो."

मशीन त्या दिवसापासून बंद राहिलं.

अशा नव्या उपचारांचा प्रयोग जिथं चालतो तिथं रुग्णांच्या हितासाठी एक समिती असते, आणि त्या समितीत डॉक्टर नसलेलं एक तरी माणूस लागतं. इथं ते माणूस म्हणजे सुलक्षणाताई. दौंडच्या रेल्वे पोलिसात त्यांची सारी नोकरी झाली. फलाटावर हरवलेल्या, घरातून निघून आलेल्या बायकांशी बोलता बोलता केस पिकले, पण त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नाही.

"सोमवारी समिती बसणार," डॉक्टर त्यांना म्हणाले. डोळ्यांखाली काळं पडलं होतं. "कायमचं बंद करा, असंच बहुतेकांचं मत आहे. त्याआधी हे कसं झालं ते मला कळायला हवं, ताई."

"आधी मला तुमचं मशीन कळू द्या. साध्या भाषेत."

"औषधांनी ज्यांची उदासी हलत नाही, त्यांच्या कपाळाच्या डाव्या बाजूला आम्ही बाहेरून चुंबकाचे ठोके देतो. तिथला मेंदू मंदावलेला असतो, तो जागा होतो का ते बघायचं. निम्म्या रुग्णांना खरे ठोके. निम्म्यांना नुसता ठोक्यांचा आवाज. कुणाला काय, हे त्यांना माहीत नसतं आणि आम्हालाही नसतं. प्रत्येकाचं एक कार्ड आहे. ते घातलं की मशीनच ठरवतं."

"म्हणजे निम्म्यांना फसवायचंच."

"निम्म्यांना आवाज मिळेल, हे सगळ्यांना आधी सांगतो. नुसत्या आपुलकीनंही माणसाला बरं वाटतं, ताई. चुंबकानं किती आणि आपुलकीनं किती, हे वेगळं काढायला दुसरा रस्ता नाही. आता बघा, केडगावची भाग्यश्री म्हणून एक मुलगी आहे. बाळंतपणानंतर अशी बुडाली की तान्ह्या लेकीला हात लावेना. जीव द्यायला निघाली होती. ती आता कुठं वर येतेय, आणि तिचा उपचार अर्ध्यात थांबलाय. सोमवारी हे बंद झालं तर तिचं काय होईल, ह्याची मला भीती वाटते."

"आणि कस्तुराबाई? त्यांना काय मिळत होतं?"

"कुणाला काय, हे लिहिलेलं प्रत्येकाचं एक बंद पाकीट असतं; रुग्ण गेला की ते उघडावं लागतं. काल उघडलं." डॉक्टरांनी नजर खाली केली. "खरे ठोके होते. आवाज नव्हे. पहिले काही आठवडे त्या सुधारल्या, नंतर घसरत गेल्या. ठोके चालू असताना घसरल्या. म्हणजे हौसराव म्हणतात ते कदाचित खरं असेल."

२

मशीन चालवायला ज्ञानेश होता. न्हावऱ्याचा, हुशार, पण बोलताना सारखा बोटं मोडणारा.

"मशीनमध्ये बिघाड?" सुलक्षणाताईंनी विचारलं.

"बिघाड झाला तर ते सुरूच होत नाही, मॅडम."

"मग तू कुठं चुकलास?"

"मी कशात चुकणार? प्रत्येकीच्या टोपीवर जागेची खूण असते. टोपी घालायची, खुणेवर धरायचं, कार्ड घालायचं, बटण दाबायचं. उपाशी येऊ नका म्हणून सांगायचं. बास."

"कार्डं कुठं असतात?"

"कपाटात," ज्ञानेश म्हणाला. पण म्हणाला तो कपाटाकडे पाठ करून. ज्याला लपवायचं असतं तो त्या वस्तूकडे एक तर फार बघतो, नाही तर मुळीच बघत नाही. फलाटावरच्या पाकीटमारांनी सुलक्षणाताईंना एवढं शिकवलं होतं.

"उघड बरं."

कपाटात कापडी खिसे होते, प्रत्येकात एक कार्ड. दोन खिसे रिकामे.

ज्ञानेशच्या कपाळाला घाम आला. "रुग्णांना आणणारी यवतची गाडी सगळ्यांच्या आधी यायची. किल्ली सिस्टरकडं, सिस्टर उशिरा. दोघी बाहेर ताटकळायच्या. मग कस्तुरामावशी एकदा म्हणल्या, बाळा, आमची दोघींची कार्डं माझ्याकडंच राहू दे, तुमच्या किल्लीपेक्षा माझा बटवा भरवशाचा. मी दिली."

"दोघींची म्हणजे?"

"त्यांचं आणि भाग्यश्रीचं. भाग्यश्रीच्या हातात तेव्हा काही टिकायचंच नाही. एकदा चप्पल इथंच विसरून अनवाणी गाडीत बसली होती." तो खाली मान घालून म्हणाला, "सरांना सांगू नका, मॅडम. नोकरी जाईल माझी."

"सरांना तूच सांगशील. आजच." सुलक्षणाताईंनी पदर सावरला. "आणि तो बटवा आता कुठं आहे?"

"पोलिसांनी हौसरावमामांकडं दिला म्हणे."

३

हौसरावांचं गुऱ्हाळ यवतच्या हायवेपासून आत, उसाच्या मळ्यात होतं. चुलवाण पेटलेलं होतं, काहिलीत रस उकळत होता आणि हौसराव लांब बाजेवर बसून त्याच्याकडे न बघता बघत होते.

"दुखवट्यात गुऱ्हाळ चालू ठेवलं म्हणून लोक बोलत्यात," ते आपणहून म्हणाले. "बंद ठेवून करू काय? घरात बसवत न्हाई."

सुलक्षणाताई बाजेच्या कडेला टेकल्या. "त्या तयार होत्या का यायला?"

"न्हाई. मीच नेली. भाच्यानं मोबाईलवर दावलं, शिरूरला असं मशीन आलंय. ती म्हणली, अवं, मला काय झालंय तेच मला सांगता येत न्हाई, ते मशीनला काय कळणार? मी म्हणलं, चल गुमान." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "मीच नेली."

"सुरुवातीला बरं वाटत होतं म्हणे."

"लय. घरी आली की मला पुढ्यात बसवायची. म्हणायची, अवं, ते मशीन ठोकाय लागलं की माझी भुवई आपोआप नाचती. एवढ्या संसारात तुमाला कवा नाचवता आली न्हाई." हौसराव हसायला गेले, पण ते हसू वाटेतच राहिलं. "संक्रांतीला सगळी आळी बोलावून हळदीकुंकू केलं तिनं. किती वर्सांनी. मी म्हणलं, सुटलो."

"आणि मग?"

"मग इझली. चुलवाण इझतं तशी, हळूहळू. बोलणं कमी, झोप न्हाई. भुवईचं इचारलं तर म्हणायची, नाचती की. पण दावायची न्हाई."

"जेवणखाण?"

"शिरूरला जायच्या दिवशी कडक उपास. सकाळी पाणी बी न्हाई. संध्याकाळी घरी आली की दिवा लावून मग जेवायची."

सुलक्षणाताईंनी मान वर केली. "हा उपास पहिल्यापासून होता?"

"न्हाई. संक्रांतीनंतर धरला."

"कशाचा?"

"इचारलं न्हाई. बायकांचे उपास असत्यात." थोड्या वेळानं ते पुन्हा म्हणाले, अगदी हळू, "इचारलं न्हाई."

बटवा त्यांनी घरातून आणून दिला. पाण्यात भिजून वाळलेला, कडक झालेला. सुलक्षणाताईंनी तो बाजेवर उपडा केला. सुपारी, अडकित्ता, देवाचा अंगारा असलेली पुडी, आणि कार्डं.

दोन्ही कार्डं अगदी सारखी होती. नाव कशावरच नव्हतं. नुसते आकडे. आणि एका कार्डाच्या कोपऱ्याला, लक्षात राहावं म्हणून बांधावा तसा, लाल दोरा बांधला होता.

"हा दोरा त्यांनी कधी बांधला?"

हौसराव कार्डाकडे बघत राहिले. "हे कार्ड तिच्याजवळ असतंय, हेच मला आज कळतंय."

४

केडगावला भाग्यश्रीच्या घराबाहेर तिची सासू आक्काबाई गव्हातले खडे निवडत होती. सुलक्षणाताई कोण, कुठून आल्या हे ऐकून घेतल्यावर तिनं पाट पुढे सरकवला.

"बसा. काय सांगू तुम्हाला, आधी ही पोरगी भिताडाला टेकून बसायची ती दिवस मावळला तरी तिथंच. लेकरू रडून रडून निळं व्हायचं. आता माझ्याशी भांडती. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून काल केवढी बोलली मला." आक्काबाईचा चेहरा उजळला. "भांडती म्हंजी बरी हाय की न्हाई?"

"आत्याबाई, मीठ खरंच जास्त होतं," आतून आवाज आला. भाग्यश्री लेकीला कडेवर घेऊन बाहेर आली. बारीक, डोळे मोठे, केस नीट विंचरलेले. मशीन थांबल्यापासून मात्र झोप पुन्हा उडायला लागलीय, असं ती स्वतःच म्हणाली, आणि आक्काबाईचे हात गव्हात थांबले.

"ठोके देताना तुला काय वाटायचं?"

"आधी काहीच न्हाई. नुसतं टक टक. मला तर वाटायचं, ही माणसं उगाच आपल्याला खुर्चीत बसवत्यात. मावशी सांगायची भुवई नाचती, म्हणून मी माझ्या भुवईला बोट लावून बघायची. ढिम्म. मग एक दिवस एकदम डोळ्यावर कुणी टिचकी मारल्यासारखं झालं, दात वाजाय लागले. मी घाबरून ओरडले. ज्ञानेशदादा म्हणला, होतं असं. त्यानंतर रोजच. डॉक्टरांनी माझं मशीन वाढवलं असंल."

"हा दिवस कधीचा?"

"संक्रांत झाल्यावर लगेच. आठवतंय, कारण आदल्या दिवशी गाडीत मावशीनं मला वाण दिलं, चहाची गाळणी. आम्ही बौद्ध, आमच्यात हे नसतं. मावशीला म्हणलं तसं. ती म्हणली, गाळणीला कुठं जात असती? घे."

"गाळणी चांगली हाय," आक्काबाई म्हणाली.

"त्या दिवशी आणखी काय बोलणं झालं?"

भाग्यश्रीनं लेकीच्या केसांतून हात फिरवला. "मी रडले होते. मावशीला म्हणलं, तुझ्यात काहीतरी होतंय, माझ्यात काहीच होत न्हाई. मला नुसता आवाजच आलाय वाट्याला. मी काय वाचत न्हाई आता. मावशीनं माझा हात धरला, आन् मग शिरूरपर्यंत सगळा रस्ता गप बसली. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून माझे दात वाजले. म्हणून मी मावशीला म्हणलं पण, तुझ्या हाताला गुण हाय."

"कार्ड ज्ञानेशच्या हातात कोण द्यायचं?"

"मावशीच. बटव्यातून काढून. माझं लक्षच नसायचं." तिनं सुलक्षणाताईंकडे सरळ बघितलं. "ताई, मावशी का गेली? तुम्हाला सापडलं का?"

सापडलं होतं. उत्तर खरं होतं, आणि ते ऐकणारीच्या कडेवर तान्हं मूल होतं.

"उद्या येते मी," त्या एवढंच म्हणाल्या.

५

"मशीन एका कार्डाचा प्रकार मधेच बदलू शकतं?" शिरूरला पोचताच त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

"कधीच नाही."

"मग कार्ड बदललं नाही, माणूस बदललं." त्यांनी दोन्ही कार्डं टेबलावर ठेवली. "कस्तुराबाईंची भुवई संक्रांतीपर्यंत नाचली आणि नंतर त्या ती दाखवेनाशा झाल्या. भाग्यश्रीचे दात संक्रांतीनंतर वाजायला लागले. कस्तुराबाईंचं कार्ड खऱ्या ठोक्यांचं, हे तुमच्या पाकिटानं सांगितलं. दोन्ही कार्डं एकाच बटव्यात, देणारा हात एकच. संक्रांतीनंतर त्या स्वतःच्या वेळी पोरीचं कार्ड देत होत्या आणि पोरीच्या वेळी स्वतःचं. त्यात गफलत होऊ नये म्हणून दोरा बांधला. चुकून नाही, डॉक्टर. जाणून."

डॉक्टरांनी तिजोरीतून भाग्यश्रीचं पाकीट काढलं. उघडलं, वाचलं.

"नुसता आवाज," ते म्हणाले.

बाहेर हायवेवरून ट्रक गेले. खिडकीची काच थरथरत राहिली.

"तुम्ही सगळ्यांपासून सगळं लपवलं," सुलक्षणाताई म्हणाल्या. "फक्त एका गाडीत मागच्या सीटवर शेजारी शेजारी बसणाऱ्या बायका एकमेकींना काय झालं ते विचारणारच, हे राहून गेलं."

"पण का? स्वतःचा उपचार कुणी असा देऊन टाकतं? मरायचंच होतं का त्यांना?"

"नाही. तिथंच सगळे चुकतोय आपण. आमच्याकडे एखादीनं व्रत धरलं आणि पूजेच्या दिवशी तिला अडचण आली, तर पूजा दुसऱ्या बाईच्या हातून करून घेतात. उपास मात्र जिचं व्रत तिनंच करायचा. पूजा कुणीही करो, फळ तिला मिळतं. कस्तुराबाईंनी तेच केलं. खुर्चीत पोरगी बसली, उपास ह्यांनी धरला. ठोके पोरीला लागतील आणि उपासानं माझा वाटा माझ्याकडे येईल, असा त्यांचा हिशेब. एकाच पूजेत दोघी तरतील. कार्ड दिलं तेव्हा त्या जीव द्यायला निघाल्या नव्हत्या. दोघींनी जगायचं, म्हणून निघाल्या होत्या."

"आणि खाली जातायत हे कळल्यावर थांबल्या का नाहीत?"

"धरलेलं व्रत मधेच सोडत नाहीत. फळ मिळत नसेल तर आपलंच काही कमी पडतंय असं वाटतं. म्हणून पाणीही सोडलं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "ठोके मिळाले असते तर त्या वाचल्या असत्या, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. सगळ्यांना गुण येत नाही. पण घसरण दिसत असताना मी प्रयोगाचे नियम धरून बसलो. लगेच दाखल करून घ्यायला हवं होतं. समितीला हे मी लिहून देईन." मग ते हळू म्हणाले, "भाग्यश्रीला मात्र सांगू नका. तिला प्रयोगातून काढतो, खरे ठोके देऊन उपचार पुरा करतो. तिला फरक कळणारही नाही. हे ओझं घेऊन ती पुन्हा बुडाली तर?"

मोह मोठा होता. सुलक्षणाताईंनी तो झटकला.

"आजवर प्रत्येकानं त्या पोरीचं भलं तिला न विचारता ठरवलं. कस्तुराबाईंनीही. आता आपणही तेच करायचं? हौसरावांना मला सांगावंच लागेल, मीच नेली म्हणून तो माणूस जळतोय. आणि यवत ते केडगाव किती लांब आहे? बाजारात कुणाच्या तरी तोंडून तिला कळलं, तर त्या वेळी तिच्याजवळ कोण असेल?"

"आणि सांगितल्यावर ती कोसळली?"

"तर आपण तिथं असू. तुम्हीसुद्धा."

६

हौसरावांनी सगळं ऐकून घेतलं, आणि केडगावला मी सांगतो म्हणाले. डॉक्टरांकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही, पण गाडीत त्यांच्या शेजारी बसले.

भाग्यश्रीच्या ओसरीवर ते खाली जमिनीवरच बसले. दोन्ही कार्डं पुढ्यात ठेवली.

"पोरी, हे दोऱ्याचं तिचं. ह्याच्यात खरे ठोके हुते. हे तुझं. ह्याच्यात नुसता आवाज. संक्रांतीनंतर तिनं तिचं तुला दिलं. तू मागितलं न्हाईस. तुला ठावं बी नव्हतं. तिला वाटलं, तू खुर्चीत बसशील, ती उपास करंल, आन् दोघी बऱ्या व्हाल. एवढंच."

भाग्यश्री हलली नाही. आक्काबाईनं पुढे होऊन लेकरू तिच्या मांडीवरून उचलून घेतलं. सुलक्षणाताईंनी पुष्कळ मौनं पाहिली होती. हे कुठल्या बाजूला पडेल, ते त्यांना कळेना. त्यांनी मनात देवीचं नाव घेतलं आणि वाट पाहिली.

"मला इचारलं का तिनं?"

भाग्यश्री एवढं हळू बोलली की डॉक्टर पुढे वाकले.

"मला इचारलं का कुणी?" आता ती ओरडली. "मी न्हाई म्हणले असते! हाताला धरून तिला खुर्चीत बसवली असती! आन् तुम्ही? रोज तिला तपासत होता, कागदावर आकडे लिवत होता, काय बघत होता तुम्ही?" डॉक्टरांनी मान खाली घातली. मग ती हौसरावांकडे वळली. "आन् तुम्ही घरात होता ना? घरातली बाई पाणी पीत न्हाई, झोपत न्हाई. दिसलं न्हाई तुम्हाला?"

"दिसलं," हौसराव म्हणाले. "इचारलं न्हाई."

त्यानंतर ती रडली. कितीतरी वेळ, मोठ्यानं, शेजारपाजारचे दारात येऊन उभे राहिले तरी. आक्काबाईनं त्यांना हातानंच घालवलं. डॉक्टर आयुष्यात प्रथमच एखाद्या रुग्णाजवळ काही न सांगता, काही न लिहिता बसून राहिले.

रडणं ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "भाग्यश्री, तुझा उपचार अर्धा राहिलाय. आता प्रयोग नाही, लपवाछपवी नाही. खरे ठोके. पण तू हो म्हणालीस तरच."

ती कार्डांकडे बघत राहिली. ऊन ओसरीवरून खाली उतरलं.

"त्या गाडीत मागं मावशी बसायची," ती म्हणाली. "मी एकटी न्हाई बसणार तिथं."

हौसरावांनी उपरणं खांद्यावर टाकलं.

"यवतहूनच निघती गाडी. मी येतो."

"तुम्ही बोलता का पण? ती सगळा रस्ता बोलायची."

"मला न्हाई येत बोलाया."

"मग शिका," भाग्यश्री म्हणाली, आणि डोळे पुसून लेकीला घ्यायला तिनं हात पुढे केले.